रिकाम्या कॅप्सूलचा आलेख

“मॅडम, हिच्यात काय न्हाई म्हणालात न्हवं?” यंत्र चालवणारे मिसाळ म्हणाले.

“काहीच नाही. नुसता कापूस आहे.”

“मग ह्ये काय आलंय?”

मी स्क्रीनकडे पाहिलं. जाताना एक हिरवी रेघ, येताना दुसरी आणि दोघींच्या मधे चांगलं उघडं पोट. गेले तीन महिने मी जो आलेख छातीशी धरून हिंडत होते, तोच. फरक एवढाच, की या कॅप्सूलमध्ये माझे कण नव्हते. कुणाचेच नव्हते.

सकाळचे पावणेआठ वाजले होते. अकरा वाजता आमचं काम तपासायला समिती येणार होती.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी हिर्लेकर सरांकडे पीएच.डी. करत होते. आम्ही लोखंड आणि प्लॅटिनम यांचे कण बनवायचो, इतके बारीक की केसाच्या जाडीत एका ओळीत वीस हजार बसावेत. एकेका कणावर माहितीचा एकेक तुकडा ठेवायचा, अशी कल्पना. कणाच्या चुंबकाचं तोंड इकडे केलं की ‘हो’, तिकडे केलं की ‘नाही’. हे जमलं तर अख्खं ग्रंथालय नखाएवढ्या तबकडीवर मावेल, असं सर प्रत्येक भाषणात सांगत. अडचण एकच होती. कण एवढा लहान झाला की त्याच्या काही लक्षात राहत नाही. खोलीतली साधी ऊब त्याला हलवत राहते आणि त्याचं आपण फिरवलेलं तोंड पापणी लवायच्या आत भलतीकडेच वळतं. भट्टीत सहाशे अंशांवर भाजले तर कण लक्षात ठेवायला शिकतात, पण तेवढ्यात एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सगळं जग या जागी अडलेलं असताना दिवाळीनंतर माझ्या कणांनी, न भाजता, लक्षात ठेवायला सुरुवात केली होती.

ते लक्षात ठेवतात की नाही, हे मिसाळांचं यंत्र सांगायचं. औषधाच्या असतात तशा कॅप्सूलमध्ये कण कापसाने दाबून भरायचे, ती यंत्राला लावायची, चुंबकाचा जोर वाढवत न्यायचा, मग कमी करत आणायचा. जाताना आणि येताना आलेखाच्या रेघा एकावर एक बसल्या, तर कण विसराळू. मधे जागा राहिली, तर कणांना आठवण आहे. त्या जागेला आम्ही पोट म्हणायचो. “पोट सुटलं का?” ही आमच्या खोलीतली रोजची चौकशी होती, आणि माझं सुटलं त्या दिवशी मी सगळ्या विभागाला पेढे वाटले होते. त्यावर लिहिलेला लेख एका नामांकित नियतकालिकाने स्वीकारला होता. इस्लामपूरला माझ्या वडिलांनी तो अजून छापून यायच्या आतच अर्ध्या गावाला सांगून टाकला होता.

“आधीच्या नमुन्याचं काही चिकटलं असेल दांडीला,” मी म्हणाले. “पुसून घ्या ना परत.”

मिसाळांनी नमुना धरायची काचेची दांडी स्पिरिटने पुसली, वाळवली आणि तीच कॅप्सूल पुन्हा लावली. एका आलेखाला वीस मिनिटं लागायची. ती वीस मिनिटं मी उभी होते. बसायला गेले असते तर उठता आलं नसतं.

पुन्हा पोट आलं. तेवढंच.

“आता दुसरी लावा,” मी म्हणाले. डब्यातून नवी कॅप्सूल काढली, कापूस घातला, आमच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चिमट्याने दाबला आणि बंद करून दिली. वीस मिनिटांनी दोन्ही रेघा एकावर एक बसल्या. पोट नाही, काही नाही. रिकाम्या कॅप्सूलने जसं वागायला हवं, तशी ती वागली.

दोन्ही कॅप्सूल एकाच डब्यातल्या. कापूस एकाच गुंडाळीतला. पहिली मात्र आदल्या संध्याकाळी सरांनी बंद केली होती. समितीसमोर नमुना भरून दाखवायचा म्हणून त्यांनी हात बसवायला एक कॅप्सूल नुसता कापूस घालून बंद केली होती. त्यांच्या चिमट्याने.

या चिमट्याबद्दल सांगायला हवं. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर सरांच्या अक्षरात पाटी होती, ‘पोलाद बाहेर ठेवा’. किल्ल्या, कात्री, सगळं बाहेरच्या ताटलीत. मी केसांतल्या पिनासुद्धा काढून आत जायची. मोजायचे कणच इतके थोडे असतात, की पोलादाचा धुळीएवढा कण आत गेला तरी त्याचाच आवाज मोठा होतो. दाराच्या आत पोलादाची एकच वस्तू जायची, ती म्हणजे सरांचा चिमटा. तो त्यांना त्यांच्या गुरूंनी दिलेला होता, जर्मन, बिनचुंबकी पोलादाचा. सर तो कोटाच्या खिशात कातड्याच्या म्यानात ठेवत. आणि आमच्याकडची रीत अशी होती, की ज्याचं काम सरांना पटलं, त्याचा नमुना सर स्वतः त्या चिमट्याने भरत. तो मान होता. लोक त्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघत. मला तो मान दिवाळीनंतर मिळाला.

भरत मगदूमला चार वर्षांत एकदाही मिळाला नव्हता.

भरत शिरोळ भागातला. माझ्याच बरोबर लागलेला, पण हाताने माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. काचेच्या पेटीत हात घालून काम कसं करायचं, हे मला त्यानेच शिकवलं होतं. तो तेच कण बनवायचा. माझ्याच कृतीने बनवायचा, आणि पाटीचा नियम पाळून प्लॅस्टिकच्या चिमट्याने स्वतः भरायचा. त्याचे कण काही केल्या लक्षात ठेवत नव्हते. सर सगळ्यांदेखत म्हणायचे, “मगदूम, कृती तीच, रसायनं तीच. उरतो तो फक्त तुझा हात.” त्याची शिष्यवृत्ती महिनाअखेर संपत होती. घरी बायको आणि वर्षाची मुलगी. मुदत वाढवायची की त्याला घरी पाठवायचं, हे आजची समिती ठरवणार होती.

आणि सकाळी नऊ वाजता मला कळून चुकलं होतं, की भरतचं बरोबर होतं. माझे कण पहिल्यापासून विसराळूच होते. आठवण होती ती सरांच्या चिमट्याच्या पोलादाची.

“मिसाळ,” मी म्हणाले. “हे कुणाला बोलू नका.”

“मी कशाला बोलतोय वो? माझी बारा वर्षं राहिल्याती नोकरीची.” त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि पेनचं टोपण काढलं. “पर नोंद तर करावी लागंल. तीन मापं झाल्याती.”

त्या यंत्राचं एक जाडजूड रजिस्टर होतं. प्रत्येक मापाला क्रमांक, तारीख, वेळ, नमुन्याचं नाव. मिसाळ ते लाल पेनाने लिहायचे आणि समिती आली की ते रजिस्टर मागायचीच. मला डोळ्यांसमोर लाल अक्षरं दिसली. आजची तारीख. ‘रिकामी कॅप्सूल’. आणि पुढे माझं नाव. मी तिथून निघाले ती थेट सरांच्या खोलीकडे.

मी मुळात भित्री. लहानपणी पोस्टमन दारात आला तरी आईच्या मागे लपायची. आणि हिर्लेकर सरांना तर न भिणारा माणूस विभागात नव्हता. ते कधी ओरडत नसत. राग जितका मोठा, तितका त्यांचा आवाज खाली यायचा. एका मुलाने आकडे सोयीचे करून आणले होते, तेव्हा सरांनी त्याचा प्रबंध उचलून शांतपणे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर ठेवला होता. टाकला नाही, ठेवला. तो पोरगा पुन्हा दिसला नाही.

त्या सकाळी सर खुशीत होते, आणि ते जास्तच कठीण होतं.

“ये, उत्तरा. झोप लागली का?”

“हो सर. सर, मला जरा...”

“चहा घे. आज तुझा दिवस आहे.” त्यांनी स्वतः थर्मासमधून कप भरून माझ्यापुढे ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. “दीड वर्षाने मी निवृत्त होतो. लोक म्हणायचे, हिर्लेकरने आयुष्यभर नुसती पोरं घाबरवली, काम काही केलं नाही. आज त्यांची तोंडं बंद होतील.”

“सर, कॅप्सूलबद्दल...”

“तेच सांगतोय. समोरच भरून दाखवू. वर्टीबाई येताहेत मुंबईहून, त्यांना हाताचं काम बघायला आवडतं.” त्यांनी म्यानातून चिमटा काढला आणि रुमालाने पुसला. “काही म्हणत होतीस?”

मी त्या चिमट्याच्या टोकांकडे बघत होते.

“नाही सर,” मी म्हणाले. “काही नाही.”

बाहेर आले आणि स्वतःचाच इतका राग आला, की जिन्यात थांबून मी भिंतीला डोकं टेकलं. मग ठरवलं, निदान भरतला तरी सांगायचं. त्याला सांगितल्यावर आम्ही दोघं मिळून सरांकडे जाऊ. एकापेक्षा दोघं बरी. आणि खरं सांगायचं तर मनात असंही होतं, की त्याच्यावरचा ठपका जाईल, तो आनंदाने उडी मारेल आणि बोलायचं काम तोच करेल.

तो द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीपाशी होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती.

“भरत, ऐक. तू बरोबर होतास,” मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. रिकामी कॅप्सूल, दुसरी कॅप्सूल, चिमटा. “तुझ्या हाताचा दोष नव्हता रे. तुझेच आलेख खरे होते. माझे खोटे.”

त्याने उडी मारली नाही. तो टाकीला धरून खाली बसला.

“कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. मिसाळांना माहीत आहे. चल, आपण दोघं सरांना...”

“नको,” तो म्हणाला. “उत्तरा, पाया पडतो तुझ्या. आज नको.”

“अरे, तू सुटतोयस यातून!”

“सुटत नाही ग. मेलो मी.” त्याने इकडेतिकडे बघितलं. “शनिवारी मी सरांना एक आलेख दिला. पोट असलेला.”

मला आधी कळलंच नाही. “तुझ्या कणांचा? कसा आला?”

“आला नाही. केला.” तो जमिनीकडे बघून बोलत होता. “तुझी डिसेंबरची फाइल होती यंत्राच्या संगणकात. आकडे घेतले, सगळे जरा कमी केले, माझ्या नमुन्याचं नाव घातलं. मला वाटलं, उत्तराचं आलंय म्हणजे हे खरंच आहे. आज ना उद्या माझंही येणारच. मग चार दिवस आधी आलं म्हणून काय बिघडलं? एकदा मुदत वाढली की खरं करून दाखवलं असतं मी.”

“भरत...”

“सरांनी पाठीवर हात ठेवला ग माझ्या. म्हणाले, मगदूम, पुढचा नमुना मी भरीन. समितीच्या फाइलीत लावलाय त्यांनी तो.” त्याने मान वर केली. डोळे भरून आले होते. “तू आता सांगितलंस, की पोट चिमट्यामुळे येतं, तर सर पहिलं काय विचारतील? माझ्या कॅप्सूलला त्यांचा चिमटा कधी लागलाच नाही. मग माझं पोट कुठून आलं?”

तासाभरापूर्वी जे खरं त्याला वाचवणार होतं, तेच आता त्याच्या गळ्याशी आलं होतं. सर आकडे बनवणाऱ्याचं काय करतात, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“आजचा दिवस जाऊ दे,” तो म्हणाला. “लेख मागे घ्यायचा तर नंतर घे. उशिरा लक्षात आलं म्हणून सांग. मी तोवर तो आलेख काढून घेईन, चूक झाली म्हणेन. फक्त आज नको. मुलीची शपथ घालतो तुला.”

“नाही बोलणार,” मी म्हणाले.

आणि म्हणताना मला काय वाटलं, तेही लिहून टाकते. हायसं वाटलं. आता गप्प राहायला कारण मिळालं होतं, आणि तेही चांगुलपणाचं.

अकरा वाजता समिती यंत्राच्या खोलीत आली. दोन पुरुष, ते बहुतेक वेळ मान डोलावत होते, आणि अध्यक्ष म्हणून डॉ. इंदुमती वर्टी. साठीच्या, बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा. टेबलावर फाइल ठेवली होती, शेजारी नमुन्यांची पेटी आणि शिकवायला वापरायची एक चुंबकाची पट्टी. मी सरांच्या उजव्या हाताला उभी होते. भरत दारापाशी. मिसाळ यंत्राशी, आमच्याकडे पाठ करून.

सर बोलत होते. छान बोलत होते. वर्टीबाईंनी फाइल चाळली, माझे आलेख पाहिले, “सुंदर” म्हणाल्या. मग फाइल बाजूला सारून त्यांनी मिसाळांकडे हात केला.

“यंत्राचं रजिस्टर बघू.”

मिसाळांनी रजिस्टर त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

बाईंनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक नोंदीवर बोट ठेवून त्या खाली सरकत होत्या. ऑगस्ट. सप्टेंबर. माझ्या मनात एकच चालू होतं, की शेवटचं पान येणार. लाल अक्षरात आजची तारीख येणार. त्या चष्मा वर करून मला विचारणार, आज सकाळी रिकाम्या कॅप्सूलचं माप घेतलंत, काय आलं? आणि मग मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय राहणार नाही. लबाड ठरणार मी. लेख, पदवी, वडिलांनी गावभर केलेलं कौतुक, सगळं एका लाल ओळीत जाणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या दिवशी भर सकाळी अनुभवलं.

“आता नमुना समोरच भरून दाखवतो,” सर म्हणाले. त्यांनी म्यानातून चिमटा काढला. “उत्तरा, कॅप्सूल दे.”

बाईंनी पान उलटलं. डिसेंबर.

मी कॅप्सूल उचलली. भरतकडे पाहिलं. त्याने अगदी बारीक मान हलवली, नको. त्या क्षणी मी त्याला विसरले होते, असं मला म्हणता येणार नाही. तो मला समोर दिसत होता.

पान उलटलं. जानेवारी. पुढची दोन-तीनच पानं उरली होती.

“बाई,” मी म्हणाले, “रिकामी कॅप्सूलसुद्धा हेच दाखवते.”

बाईंचं बोट पानावर थांबलं.

“काय म्हणालीस?” सरांनी विचारलं. आवाज खाली, अगदी खाली.

“सर, आज सकाळी पाहिलं. कालची तुमची कॅप्सूल, नुसता कापूस असलेली. दोनदा पाहिलं. तिलाही पोट येतं. प्लॅस्टिकच्या चिमट्याने भरली तर येत नाही.” हे सगळं मी एका श्वासात म्हणाले. नंतर श्वास घ्यायचा असतो, हेच सुचेना.

सरांनी हातातल्या चिमट्याकडे पाहिलं. टेबलावरची चुंबकाची पट्टी पुढे ओढली आणि चिमटा हलक्या हाताने, दोन बोटांत लोंबता धरून, तिच्याजवळ नेला. टोकं किंचित वळली आणि पट्टीला जाऊन चिकटली.

मला वाटत होतं, आता खिडकी उघडेल.

“दिवाळीत टोकं घासून घेतली होती,” सर म्हणाले. स्वतःशीच बोलावं तसं. “घड्याळजीकडून. कानशीचा कीस राहिला असणार टोकांत.” त्यांनी खुर्ची घेतली. “बाई, ही माझी चूक आहे, मुलीची नाही. पाटी मी लावली आणि ती मोडलीही मीच. लेख मी आजच मागे घेतो.”

चार वर्षं मी ज्या माणसाला भ्याले, तो एवढंच बोलला. वर्टीबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “गुरूसमोर उभं राहून असं बोलायला छाती लागते. हे आलेखापेक्षा मोठं आहे.” रजिस्टर मिटून बाजूला ठेवत त्यांनी पुन्हा फाइल उघडली. “पण हा दुसरा विद्यार्थी? मगदूम. याच्याही आलेखाला पोट आहे. ही कॅप्सूलही तुम्हीच भरली होती?”

“नाही,” सर म्हणाले. “त्याच्या तो स्वतः भरतो. प्लॅस्टिकच्या...”

वाक्य तिथेच थांबलं. सर खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी फक्त मान वळवली.

“मगदूम,” ते म्हणाले, “हा कुठून आला?”

भरतने सरांकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, “मी बनवला, सर.” पुढचं सगळं त्याने स्वतःच सांगितलं. एकही शब्द लपवला नाही. दहा मिनिटांत त्याचा निकाल लागला.

मला मुदतवाढ मिळाली. हे कण का विसरतात, यावरच मी पुढे प्रबंध लिहिला आणि तो बरा झाला. वर्टीबाईंनी तो प्रसंग पुढे कितीतरी भाषणांत सांगितला, नाव घेऊन. आजही कुठे व्याख्यानाला गेले, की ओळख करून देणारा तोच किस्सा सांगतो आणि लोक टाळ्या वाजवतात. मी खाली बघते. त्यांना तो विनय वाटतो.

त्या दिवशी दुपारी मिसाळ मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, “बोललात ते झ्याक केलंत मॅडम. मला वाटलं न्हवतं.”

“बोलावंच लागलं असतं,” मी म्हणाले. “बाई शेवटच्या पानावर येतच होत्या.”

“शेवटच्या पानावर काय होतं?” मिसाळांनी विचारलं. “मी नोंद केलीच न्हाई. पेन उघडलं, पर हात हुईना. म्हटलं, मॅडमचं वाटोळं आपल्या अक्षरानं कशाला?”

मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले.

चार वाजता भरत प्रयोगशाळेत आपला खण रिकामा करत होता. वह्या, एक स्वेटर, मुलीचा फोटो. मी आत गेले आणि नुसती उभी राहिले. तो पिशवी भरत राहिला. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला चाललं असतं.

“गावाकडे?” मी विचारलं.

“हो. मेव्हण्याचं दुकान आहे जयसिंगपूरला. पाण्याच्या मोटारी वाइंडिंगचं.” त्याने पिशवीची गाठ मारली. मग माझ्याकडे वळला. “एक विचारू?”

“विचार.”

“बाईंनी तुला काहीच विचारलं नव्हतं. सरांनीही नाही. मला शब्द दिला होतास. मग का बोललीस?”

रजिस्टरला भ्याले, असं मला सांगता आलं असतं. पकडली जाईन म्हणून बोलले, तू समोर दिसत असताना बोलले, आणि ज्या ओळीला भ्याले ती ओळ लिहिलेलीच नव्हती. सगळं ओठांवर होतं. त्याला ते कळायचा हक्क होता. त्या खोलीत माझ्याएवढाच भ्यालेला तो एकटाच होता.

“राहवलं नाही रे,” मी म्हणाले. “खोटं सहन झालं नाही.”

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. पटलं होतं त्याला.

“मोठी आहेस बघ तू,” तो म्हणाला. “मला ते जमलं नाही. माझ्यातच खोट.”

त्याने पिशवी खांद्याला लावली, दारातल्या ताटलीतून आपली किल्ली उचलली आणि निघाला. मी त्याला तसंच जाऊ दिलं.